किल्ल्यांचा जुडगा

माझ्या आजोळच्या घराला, वाईला, तीन दरवाजे ओलांडल्यावाचून कोठीच्या खोलीपर्यंत जाता येत नसे. पहिला दरवाजा रस्त्याकडचा. तो दिवसभर सताड उघडा असे आणि त्याच्या बाहेरच्या ओट्यावर कोणीही येऊन बसावे अशी मुभा होती. कल्हईवाला, बोहारीण, वासुदेव, उन्हाने दमलेला वाटसरू, सर्वांना तेथे तांब्याभर पाणी मिळे. दुसरा दरवाजा ओसरीवरून माजघरात जाणारा. तेथवर ओळखीचे माणूस येई. तिसरा कोठीचा. त्याला कुलूप असे आणि त्याची किल्ली आजीच्या कमरेच्या जुडग्यात असे. त्या जुडग्यात नऊ-दहा किल्ल्या होत्या. फडताळाची वेगळी, दागिन्यांच्या पेटीची वेगळी, लोणच्याच्या बरण्यांच्या कपाटाची वेगळी. एवढ्या किल्ल्या कशाला, एकच का नाही, असे मी लहानपणी विचारल्याचे मला आठवते. तिने काय उत्तर दिले ते मात्र आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे, कारण तिच्या दृष्टीने हा प्रश्न विचारण्याजोगाच नव्हता.

वाचकहो, त्या जुडग्याची आठवण मला गेल्या वर्षी फार तीव्रतेने झाली. निमित्त घडले ते एका पत्राचे, जे मी लिहिलेच नव्हते.

आमचा गोतावळा आपल्यापैकी अनेकांच्या कुटुंबांप्रमाणेच देशभर विखुरलेला आहे. आत्या बडोद्यास, काका इंदुरास, मावशी बेळगावास, एक चुलतभाऊ हैदराबादेस आणि नोकरीमुळे मी दिल्लीस. लग्नकार्यावाचून भेटी होत नाहीत. म्हणून गेली काही वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एक लांबलचक कौटुंबिक पत्र ईमेलने सर्वांना पाठवीत आले आहे. त्यात कोणाकडे पाळणा हलला, कोणाचे गुडघ्याचे दुखणे कसे आहे, आजोबांच्या रोजनिशीतला एखादा उतारा, आजीच्या हातच्या एखाद्या पदार्थाची कृती असे काहीबाही असते. त्रेचाळीस घरी ते पत्र जाते. उत्तरे येतात, त्यांतली निवडक मी पुढच्या पत्रात घालते. संपादनाची हौस कचेरीत पुरी भागत नाही, ती अशी भागवून घेते, असे माझे यजमान म्हणतात.

एका मंगळवारी दुपारी कचेरीत मुद्रिते तपासत असता आत्याचा फोन आला. तिने इकडचे तिकडचे काही न बोलता एकदम विचारले, “अगं, तू पुरुष कधीपासून झालीस?”

मला काहीच उमगेना. तेव्हा तिने रविवारी माझ्या नावाने, माझ्याच पत्त्यावरून आलेले पत्र वाचून दाखविले. ‘प्रिय आत्या, मी एका मोठ्या संकटात अडकलो आहे. माझा फोन काम करत नाही. कृपया ही गोष्ट कोणाला सांगू नका. उद्यापर्यंत परत करीन,’ आणि खाली बँकेच्या एका खात्याचा क्रमांक. आत्या बडोद्याच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवीत होती. ती म्हणाली, “‘अडकलो’ वाचले तिथेच मी थबकले. आणि तू मला ‘ती. आत्यास सा. न. वि. वि.’ याशिवाय आजवर कधी लिहिले आहेस का? ‘प्रिय आत्या’ म्हणे!”

मी हसले. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. हे पत्र आत्याला आले, तर उरलेल्या बेचाळीस घरांचे काय? मी एकेकाला फोन लावू लागले. बहुतेकांनी पत्र पाहिले होते आणि काहीतरी घोटाळा आहे म्हणून सोडून दिले होते. दोघांनी तर मला उत्तरही धाडले होते, की तुझ्या नावाने कोणी भलतेच लिहीत आहे. ती उत्तरे मला मिळाली नव्हती. सातवा की आठवा फोन इंदूरच्या काकांना केला. त्यांनी माझा आवाज ऐकताच विचारले, “पोहोचले ना गं बाळ पैसे? आता सगळे ठीक आहे ना?”

काकांनी रविवारी संध्याकाळीच अठरा हजार रुपये पाठविले होते. सेवानिवृत्त माणूस, अठरा हजार ही त्यांच्या घरी लहान रक्कम नव्हे. पैसे पाठविण्यापूर्वी त्यांनी ‘खाते कोणाच्या नावे आहे?’ असे विचारणारे उत्तरही लिहिले होते, आणि त्याला माझ्या नावाने प्रत्युत्तरही आले होते. मी त्यांना विचारले, काका, तुम्हाला ते ‘अडकलो’ खटकले नाही का? ते म्हणाले, “खटकले. पण अडचणीत असलेले माणूस व्याकरण कुठे बघत बसते?”

त्यानंतरच्या धावपळीचे वर्णन करून मी आपला वेळ घेणार नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभरचा क्रमांक आहे. तेथे काकांकडून तक्रार नोंदविली, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तिचा तपशील भरला, बँकेला कळविले. तक्रार तत्काळ आली तर रक्कम ज्या खात्यात गेली तेथेच ती गोठविता येते. आमचे दोन दिवस उलटून गेले होते आणि पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात व तेथून रोकडीत निघून गेले होते. ते परत मिळाले नाहीत. मी भरून देऊ लागले तर काकांनी ते घेतले नाहीत. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर आधी १९३० ला फोन करावा आणि चुकीबद्दल मनाला बोल लावण्याचे काम मागाहून करावे. आम्ही नेमके उलटे केले.

आता, चोर आत शिरला कसा? माझी कल्पना अशी की एखाद्या अंधाऱ्या खोलीत बसून कोणा बुद्धिमान तरुणाने रात्रभर खटपट करून माझे खाते फोडले असावे. ही कल्पना माझ्या अहंकाराला सोयीची होती. सत्य असे निघाले की त्याने काहीच फोडले नव्हते. तो किल्ली लावून आत आला होता आणि ती किल्ली मीच रस्त्यात टाकून दिली होती.

काही वर्षांपूर्वी एका पुस्तकविक्रेत्याच्या संकेतस्थळावरून मी एक शब्दकोश मागविला होता. तेथे खाते उघडताना परवलीचा शब्द मागितला. मी नेहमीचाच दिला. माझ्या शाळेचे नाव आणि पुढे जन्मवर्ष. ईमेललाही तोच, वीजबिलालाही तोच, रेल्वेच्या तिकिटांनाही तोच. मोजून पाहिले तेव्हा अकरा कुलपांना एकच किल्ली निघाली. पुढे त्या विक्रेत्याच्या ग्राहकांची यादी चोरीस गेली. मला त्याचा पत्ताही नव्हता. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ साली ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची एक सेवा सुरू केली आहे; तेथे आपला ईमेलचा पत्ता घातला की तो कोणकोणत्या चोरीस गेलेल्या याद्यांत सापडला ते कळते. माझा पत्ता त्या यादीत होता. अशा याद्या हाती आल्या की चोरांची यंत्रे त्यांतील पत्ता आणि परवलीचा शब्द यांची प्रत्येक जोडी इतर हजार दारांना लावून पाहतात. माझ्यासारख्यांची संख्या मोठी असल्यामुळे पुष्कळ दारे उघडतात.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, आणि ती समजल्यावर मला स्वयंपाकघराचीच आठवण झाली. नीट चालविलेल्या ठिकाणी आपला परवलीचा शब्द जसाच्या तसा ठेवत नाहीत. तो एका गणिती जात्यात दळून त्याचे पीठ तेवढे ठेवतात. आपण पुन्हा शब्द दिला की तो पुन्हा दळतात आणि दोन्ही पिठे जुळतात का ते पाहतात. पिठापासून परत गहू करता येत नाही, म्हणून पीठ चोरीस गेले तरी शब्द सुरक्षित, असे वाटेल. परंतु चोर काय करतो, तर लोकांच्या आवडीचे लाखो शब्द, नावे, जन्मवर्षे स्वतःच दळून ठेवतो आणि आपल्या पिठाशी ताडून पाहतो. शाळेचे नाव आणि जन्मवर्ष म्हणजे अगदी बाजारात मिळणारा गहू! यावर उपाय म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या धान्यात वेगळी चिमूट मिसळतात, म्हणजे दोघांचा शब्द एक असला तरी पीठ वेगळे निघते. त्या चिमटीला तंत्रज्ञ ‘मीठ’च म्हणतात, हे वाचून मला गंमत वाटली.

परवलीच्या शब्दाची फजिती काही आजची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या हाताखाली एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी योजना उभी राहिली. तीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून परवलीचा शब्द आला. पुढच्याच वर्षी अॅलन शेर नावाच्या तेथील संशोधकाला त्याच्या वाट्याचा वेळ पुरेना. त्याने छिद्रित कार्डावरून परवलीच्या शब्दांची फाईल छापून देण्याची मागणी यंत्राकडे केली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. शब्द जन्मल्यापासून वर्षभरात त्यांची यादी बाहेर पडली.

आणि ते अक्षर-अंक-चिन्हांचे अवडंबर? एक मोठे अक्षर हवे, एक अंक हवा, एक उद्गारचिन्ह हवे, तीन महिन्यांनी बदला, या जाचाला आपण सर्वच कंटाळलो आहोत. या नियमांचा प्रसार झाला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ सालच्या एका मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याचशा उपदेशाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने आपले नियमही बदलले: लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, विनाकारण ठरावीक मुदतीने बदलणेही नको. सक्ती केली की माणूस शब्द तोच ठेवून शेवटचा आकडा तेवढा वाढवितो, हे त्यांना उशिरा कळले. कोणत्याही गृहिणीने ते आधीच सांगितले असते.

आता माझ्याकडे जुडगा आहे. प्रत्येक कुलपाला वेगळी, लांबलचक किल्ली. त्या सर्व लक्षात ठेवणे अशक्य म्हणून किल्ल्या सांभाळणारी एक आज्ञावली. आणि त्या आज्ञावलीसाठी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या पाच मराठी शब्दांचे एक वाक्य, जे केवळ माझ्या डोक्यात आहे. ईमेलला दुसरी कडीही घातली आहे, म्हणजे शब्द बरोबर असला तरी माझ्या हातातल्या फोनने होकार दिल्यावाचून नव्या यंत्रावरून दार उघडत नाही. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून दिलेले आणीबाणीचे संकेतांक कागदावर उतरवून ते लोखंडी पेटीत, भाड्याच्या करारनाम्याशेजारी ठेवले आहेत. ईमेलच्या किल्लीची मी सर्वांत जास्त काळजी घेते. इतर कोणत्याही ठिकाणी ‘शब्द विसरलो’ म्हटले की नवा शब्द ईमेलवरच येतो. कोठीच्या दाराआड बाकीच्या सर्व किल्ल्या टांगलेल्या असतात, असे म्हणा ना.

परंतु मी एक चूक केली ती सांगितलीच पाहिजे, कारण ती पुष्कळजण करतात. मंगळवारी रात्री परवलीचा शब्द बदलला आणि मी निर्धास्त झोपले. दोन दिवसांनी मावशीने फोनवर विचारले, की मी पाठविलेल्या उत्तराला पोच का नाही? तेव्हा शोध घेतला. चोराने आत आल्याबरोबर माझ्या टपालपेटीत एक नियम लावून ठेवला होता: नातेवाइकांकडून येणारी पत्रे न दाखविता परस्पर एका कोपऱ्यातल्या कप्प्यात जावीत आणि त्यांची प्रत एका परक्या पत्त्यावर जावी. म्हणूनच रविवारपासूनची उत्तरे मला दिसली नव्हती. मी किल्ली बदलली होती, पण भिंतीला पाडलेले भोक तसेच होते. तेव्हा असे काही घडलेच, तर शब्द बदलून थांबू नका. पत्रे पुढे धाडण्याचे नियम पाहा, खाते परत मिळविण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आपलाच आहे ना ते पाहा, आणि इतर सर्व यंत्रांवरचे दार एकदम बंद करण्याची सोय असते ती वापरा.

इतके झाले कोठीविषयी. ओट्यावरच्या गर्दीचा प्रश्न मात्र निराळा आहे.

न मागता येणाऱ्या जाहिरातींच्या पत्रांना जगभर ‘स्पॅम’ म्हणतात. मुळात हे डबाबंद मांसाचे नाव. अमेरिकेत १९३७ साली तो डबा बाजारात आला. १९७० साली बीबीसीवरील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कार्यक्रमात एका खानावळीचे दृश्य होते. तेथल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्याच्या घोषापुढे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. त्यावरून हा शब्द आला. पण प्रकार शब्दाहून जुना आहे. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने नव्या यंत्राची जाहिरात त्या काळच्या संगणकजाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम धाडली. पत्ते इतके झाले की ते वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले मजकुरात सांडले. लोक संतापले. यंत्रे मात्र विकली गेली, आणि तेथेच सारी मेख आहे. २००४ साली बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा निकाल लागेल असे भाकीत केले होते. त्याचे काय झाले ते आपली टपालपेटी रोज सकाळी सांगते.

आपल्या मदतीला आहे ती एक चाळण. तिच्या मुळाशी टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये एका लेखातून ही पद्धत लोकप्रिय केली. ‘बक्षीस’, ‘अभिनंदन’, ‘त्वरित’ असले शब्द कचऱ्यात किती वेळा येतात आणि खऱ्या पत्रांत किती वेळा, याचा हिशेब ठेवून नव्या पत्राविषयी अंदाज बांधायचा. आजच्या चाळणी याहून पुष्कळ पुढे गेल्या आहेत. पत्र खरोखर त्याच ठिकाणाहून निघाले का, पाठविणारा ओळखीचा आहे का, हेही त्या पाहतात. पण अंदाज तो अंदाजच. आपण एखाद्या पत्रावर ‘हा कचरा’ असे खूण केली की चाळण शिकते. चुकीची खूण केली तर चुकीचे शिकते. आणि अनोळखी कचऱ्यातल्या ‘ही पत्रे बंद करा’ या दुव्यावर बोट ठेवू नये. त्याने पत्रे बंद होण्याऐवजी घरात माणूस आहे एवढे त्यांना कळते.

चाळणीतून सुटून येणाऱ्या लबाड पत्रांसाठी मी मुद्रितशोधकाचे डोळे वापरते. मजकूर वाचण्याआधी पाठविणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचते. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे जोडून बसविली तर ‘एम’चा भास होतो, हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे, ठगांनाही ठाऊक आहे. मोडक्या मराठीवर विसंबण्याचे दिवस मात्र गेले. आत्याला ‘अडकलो’ने वाचविले, पण आज यंत्रे सफाईदार मराठी लिहितात, लिंग-वचन चुकवत नाहीत, आणि माझी दोन जुनी पत्रे दाखविली तर ‘ती. आत्यास’ही लिहितील. भाषांतरावर पोट भरणारी बाई म्हणून मी हे आनंदाने सांगत नाही. म्हणून आता आमच्या घरात ठरले आहे, की पैशाचा विषय निघाला तर पत्रावर जायचे नाही. फोन करायचा, तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर, आणि वाईच्या घरातली एखादी अशी गोष्ट विचारायची की जी कोठेही लिहिलेली नाही. मी पत्रांतून इतके काही लिहून बसले आहे की असा प्रश्न शोधतानाच आमची पंचाईत झाली.

या सर्व व्यवस्थेनंतर महिन्याचे पत्र पुन्हा सुरू झाले. उत्तरे आली; काकांचे आले नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. फोनवर ते बोलत, पण चार वाक्यांत आटोपते घेत. मला वाटले, ते मनातून दुखावले आहेत आणि त्यांनी का दुखावू नये? त्यांचे पैसे माझ्या नावावर विश्वास ठेवल्यामुळे गेले होते. चोराला माझ्या कोठीत घेण्याजोगे काहीच नव्हते. त्याने नेले ते माझे नाव. तिसऱ्या महिन्याचे पत्र लिहायला घेतले तेव्हा प्रथमच मनात आले की हे आता बंदच करावे.

त्या रविवारी पत्र बाजूला ठेवून मी टपालपेटी साफ करावयास बसले. कचऱ्याचा कप्पा सहसा न उघडता रिकामा करते. त्या दिवशी कंटाळा म्हणून चाळत गेले. लॉटरी, कर्ज, केस वाढविण्याचे तेल, आणि त्यांच्यामध्ये एका अनोळखी पत्त्यावरून आलेली दोन पत्रे. एक चौदा दिवसांपूर्वीचे, एक पाच. काकांनी भीतीने जुने खाते बंद करून नातवाकडून नवे उघडून घेतले होते आणि मला कळवायचे ते त्या नव्या खात्यावरूनच कळविले होते. नवा पत्ता, वर ‘त्वरित उत्तर दे’ असा विषय. माझ्या शिकविलेल्या चाळणीने तो ठगाचा समजून बाहेर ठेवला होता. पहिल्या पत्रात आजोबांच्या रोजनिशीतली एक तारीख चुकली आहे अशी दुरुस्ती होती. दुसऱ्यात एवढेच, की तुझे उत्तर नाही. माझ्या मूर्खपणाने तुला लाज वाटली असेल, तर तसे स्पष्ट सांग.

मी दोन्ही पत्रांवर ‘कचरा नव्हे’ अशी खूण केली आणि फोन उचलला. काकांनी आधी विचारले, वाईच्या घरी आडाच्या कडेला कोणते झाड होते? मी म्हटले, काका, झाड नव्हते, मोडका पाटा पडलेला असे. मग ते बोलू लागले, ते पाऊण तास बोलले.